ताईसाठी जुळवलेला मॅक

त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर आली नाही. सगळे त्याला सरकभाऊ म्हणायचे. कुणी बंद पडलेला संगणक घेऊन आलं आणि काय बिघडलंय ते सांगू लागलं, की पहिलं वाक्य संपायच्या आत हा म्हणायचा, "सरक जरा." समोर शाळेतली पोरगी असली तर सरक, बँकेतला साहेब असला तर सरका, एवढाच काय तो फरक. माणूस मुकाट सरकायचा, हा खुर्चीत बसायचा, आणि यंत्राचा मालक स्वतःच्याच यंत्रामागे पाहुण्यासारखा उभा राहून ह्याच्या टकलाकडे बघत बसायचा.

दुकान एका व्यापारी इमारतीच्या जिन्याखाली होतं. उंच माणसाला आत वाकूनच यावं लागे. सरकभाऊच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी चिमटा असायचा, बारीक स्क्रू उचलायचा. कामात त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, हे त्याचे हितशत्रूही मान्य करत. पण "काय केलंत तुम्ही नक्की?" असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "पुन्हा अडलं तर सांगा, मी आहे ना." यात लबाडी म्हणाल तर अजिबात नव्हती. निम्म्या लोकांकडून तो पैसेही घ्यायचा नाही. लोकांचं अडावं आणि त्यांना आपली आठवण यावी, एवढंच त्याला हवं असायचं. बायको म्हणायची, "दिवसभर फोन वाजला नाही, की ह्यांना जेवण गोड लागत नाही."

अशा माणसाच्या सख्ख्या बहिणीचा संगणक बंद पडला, आणि तो काही केल्या सुरू होईना.

ताई त्याच्याहून मोठी. लहानपणीच्या आजारात तिची दृष्टी गेली ती गेलीच. पुढे तिने ध्वनिमुद्रणाचं काम शिकून घेतलं. एक संस्था पाठ्यपुस्तकं बोलक्या रूपात तयार करायची, आणि त्या वाचनातले खोकले, अडखळणं, पानांची सळसळ काढून ते स्वच्छ करायचं काम ताईकडे असायचं. हे सगळं ती एका जुन्या मॅकवर करायची. पडद्यावर जे असेल ते मॅकमधला एक आवाज तिला वाचून दाखवायचा, त्याला ती 'बाई' म्हणायची. बाईचं बोलणं ती इतक्या वेगात लावायची, की दुसऱ्याला नुसती चिवचिव ऐकू यावी. कामाचा प्रोग्रॅम फक्त मॅकवरच चालायचा, आणि त्याची एकूण एक बटणं तिच्या बोटांत मुरलेली होती. नवा मॅक घेणं दोघांच्याही आवाक्याबाहेरचं होतं. नव्या सत्राची पुस्तकं यायच्या आत ताईची सोय झाली नाही, तर काम दुसऱ्याला द्यावं लागेल, असं संस्थेने अगदी गोड शब्दांत कळवलं होतं.

काम गेलं की ताईची भाड्याची खोली गेली, आणि खोली गेली की ताई भावाकडे येणार, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. त्याच्या बायकोने मागची खोली झाडूनपुसून ठेवली होती. ताई त्याबद्दल काही बोलायची नाही. ती फक्त विचारायची, "माझ्या मॅकचं काय झालं रे?"

"मी जुळवतो," सरकभाऊ म्हणाला. "साध्या पीसीचे सुटे भाग घेतो आणि त्यावर मॅकची सिस्टिम चढवतो. लोक करतात असं."

"चालतं का ते?" बायकोने विचारलं.

"चालतं. चालायला नको, असं मॅक विकणाऱ्या कंपनीचं म्हणणं आहे."

त्याने जीव ओतून काम केलं. मदरबोर्ड निवडताना त्याने जगभरातल्या उचापतखोरांचे अनुभव वाचून काढले, कारण ही सिस्टिम म्हणजे महा नखरेल पाहुणी. हा बोर्ड चालेल, तो चालणार नाही, ह्या ग्राफिक्स कार्डाचं तोंडसुद्धा बघणार नाही. आधी तिची समजूत घालावी लागते, की अगं, हे तुझंच घर आहे. ती समजूत घालणारी एक छोटी फाइल असते, आणि तिच्यात एक ओळ चुकली तरी सगळं ठप्प. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावत सुटायच्या आणि एका ठरावीक ओळीला येऊन गप्प व्हायच्या. त्याने कार्ड बदललं, तेव्हा ओळी थोड्या पुढे सरकल्या. मग यूएसबीची भोकं रुसली. एकेक भोक त्याने सिस्टिमला हाताला धरून दाखवलं. शेवटी एका दुपारी पडद्यावर मॅकच्या चित्रातला तो ओळखीचा डोंगर उगवला, आणि जिन्याखालच्या त्या बिळात सरकभाऊ एवढ्या झटक्यात उभा राहिला, की त्याचं डोकं वर आपटलं. आवाज तेवढा निघत नव्हता. पण आवाज काय, ते किरकोळ काम, नंतर बघू, असं म्हणून त्याने ते मागे ठेवलं. पंखे बाजारातले सगळ्यात शांत घेतले होते. कॅबिनेटला एका बाजूने काच लावून आत निळे दिवे सोडले होते.

तो सगळा थाट त्याने ताईच्या खोलीत आणून मांडला. तिची खोली म्हणजे एक पलंग, भिंतीला लागून टेबल, आणि प्रत्येक वस्तू अशी तिच्या जागेवर, की कुणी पेला चार बोटं हलवला तरी तिला कळायचं. तिने बोटांनी कॅबिनेट चाचपलं आणि बटण दाबलं. मग ती वाट बघत बसली.

"चालू झाला का?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"झालाय की! केव्हाच."

तिने यंत्राच्या पाठीला तळहात लावून पाहिला, मग कान लावला. "मला कसं कळणार?"

पडद्यावर सगळं झळकत होतं, निळे दिवे मंद उजळत होते, पंखे पिसासारखे फिरत होते, आणि जिच्यासाठी हे सगळं केलं, तिच्यापुढे टेबलावर एक मुकं खोकं होतं. आवाजाला किरकोळ म्हणणाऱ्या स्वतःच्या अकलेची सरकभाऊला भयंकर लाज वाटली. निमूटपणे त्याने यंत्र उचललं आणि दुकानात परत नेलं.

आवाजाच्या चिपला त्या समजुतीच्या फाइलमध्ये एक क्रमांक द्यावा लागतो, आणि कुठला ते कुणीच छातीठोक सांगत नाही. क्रमांक घाला, यंत्र बंद करा, सुरू करा, ऐका, पुन्हा पहिल्यापासून. असं करता करता एकदाची बाई बोलली. तो पुन्हा ताईकडे गेला. ताईने आपला जुना कीबोर्ड जोडला, बाईला नेहमीच्या वेगाने पळवलं, एक धडा उघडून त्यातला एक खोकला काढून टाकला, आणि तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी तजेला आला.

"छान जमलंय," ती म्हणाली. "आता सांग, अडला तर मी काय करायचं?"

"अडला तर मला फोन कर. मी आहे ना."

"ते नकोय मला."

"म्हणजे?"

"जुना मॅक माझी मी चालवत होते. हा सुरू होताना बाई यायच्या आधी जे काय होतं, ते मला ऐकूच येत नाही. तिथे अडलं की तू येईपर्यंत मी हातावर हात ठेवून बसायचं. मग तुझ्या मागच्या खोलीतच का बसू नये?"

सरकभाऊच्या नाकावर राग आला. इतकं मर मर मरून करावं, आणि वर हे ऐकावं. तो तावातावाने घरी आला आणि बायकोसमोर सगळं ओकला. तिने कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐकून घेतलं.

"एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"ताई नीट राहाव्यात असं तुम्हाला वाटतं, की त्यांचं तुमच्यावाचून अडावं असं वाटतं?"

उत्तर त्याला माहीत होतं, आणि ते त्याला आवडलं नाही. लहानपणी रस्ता ओलांडताना ताई त्याचा खांदा धरायची, तेव्हा त्याला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं. तो खांदा तो अजून तसाच पुढे करून चालला होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने ताईच्या यंत्राचा पडदा काढला, वायर गुंडाळली, आणि नुसतं यंत्र घेऊन बसला. पहिल्यांदा तर काहीच सुचेना. डोळ्यांची सवय इतकी, की मान आपोआप रिकाम्या भिंतीकडे वळायची. पडदा नाही म्हटल्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्डही बिथरलं, तेव्हा पडदा आहे असं भासवणारं एक बोटाएवढं बूच त्याला लावावं लागलं. शांत पंख्यांतला एक काढून त्याने जुनाच घरघरता पंखा बसवला. सुरू होताना एक सूर वाजेल, आणि बाई येण्याआधीचं, कुठून सुरू करायचं ते विचारणारं काळं पानही वाचून दाखवलं जाईल, अशी सोय त्याने फाइलमध्ये केली. निळे दिवे काढून टाकले. आणि चालत्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन, त्याच्या टोकाला, हाताला कळावी म्हणून, कानशीने खाच पाडली. तो लावलेला असला की यंत्र आधी त्यालाच विचारतं, आत काही का बिघडलेलं असेना.

मग शिकवणं आलं, आणि तिथे सरकभाऊची खरी परीक्षा होती. आयुष्यात त्याने कुणाला काही शिकवलं नव्हतं. ताई एखादं बटण शोधू लागली की ह्याचे हात शिवशिवायचे. "सरक जरा" तोंडातून निघून जायचं, आणि ताई हसून तिथेच बसून राहायची. शेवटी तो स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायला लागला.

सत्राची पुस्तकं आली. पहिला धडा पाठवायच्या दिवशी सकाळीच तो तिच्याकडे हजर. कारण काय, तर असाच आलो. खरं म्हणजे आदल्या भेटीत त्याने यंत्र आणखी लवकर सुरू व्हावं म्हणून फाइलमध्ये एक ओळ हळूच बदलली होती, आणि ती कशी चालते हे त्याला बघायचं होतं. सुधारणा केल्याशिवाय त्याला करमायचं नाही.

ताईने बटण दाबलं. पंखा घरघरला. सूर वाजला. बाई मात्र आली नाही.

दोघं थांबली. पंखा एका लयीत फिरत राहिला. नेमका आजचाच दिवस, आणि चूकही दुसऱ्या कुणाची नाही. सरकभाऊने सवयीने वर पाहिलं, तर पडदा दुकानात. ह्या खोलीत आता त्यालाच काही दिसत नव्हतं.

"ताई, सरक जरा."

"का?"

"काल मी एक ओळ बदलली होती. माझंच चुकलं. दे इकडे, मी दुकानातून पडदा आणतो, लगेच."

"तू सरक," ताई म्हणाली.

ती रागावलेली नव्हती. तिने त्याला कोपराने अलगद बाजूला केलं, बटण दाबून धरलं, आणि पंखा पूर्ण थांबेपर्यंत ऐकलं. टेबलाच्या खणात उजव्या कोपऱ्यात पेनड्राइव्ह होता. तिने खाच अंगठ्याने तपासली, तो खालच्या भोकात बसवला आणि पुन्हा बटण दाबलं. पंखा. सूर. मग ते काळं पान हळू आवाजात वाचलं गेलं, तिने एक कळ दाबली, आणि थोड्या वेळाने बाईची चिवचिव सुरू झाली. ताईने कानांवर हेडफोन चढवले, धडा उघडला आणि कामाला लागली. तिच्या चेहऱ्यावर विजयबिजय काही नव्हता. सकाळी उठून दार उघडावं, तसं तिने ते केलं होतं.

सरकभाऊचा जीव भांड्यात पडला. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण तिच्या खुर्चीमागे उभे आहोत. दुकानात त्याचं गिऱ्हाईक जसं त्याच्यामागे उभं असायचं, अगदी तसे. हातांचं काय करावं ते कळेना. खिशातला चिमटा त्याने चाचपला आणि परत ठेवला. त्याला आनंद झाला होता, खरंच झाला होता. पण तिला आता त्याची गरज उरली नव्हती. मागची खोली रिकामीच राहणार होती. निघावं म्हणून, तिच्या कामात व्यत्यय नको म्हणून, तो पाय न वाजवता दाराकडे वळला.

ताईचे हात थांबले. तिने एक हेडफोन कानावरून बाजूला केला.

"गेलास का रे?"

"नाही. इथेच आहे."

"मग गप्प का? त्या खोक्यात एवढा घरघरता पंखा बसवलास, आणि स्वतः असा उभा राहतोस. तू आहेस हे मला कसं कळणार?"

तो दारातून परत आला. कोपऱ्यातली खुर्ची त्याने, एरवी उचलून आणली असती ती, फरशीवरून मुद्दाम खरखरत ओढत आणली आणि ताईच्या शेजारी बसला. ताईने हेडफोन पुन्हा कानावर घेतला, एकाच कानावर, आणि धडा पुढे सुरू केला.