सासू चालते, बहीण चालत नाही

खिळ्यांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढलेल्या बाईनं हळू बोलावं, ही अपेक्षाच चुकीची. ही बाई स्वयंपाकघरातून "मीठ संपलं" म्हणाली, तर शेजारीण मीठ घेऊन दारात हजर. कारखान्यात तिला सगळे तोफ म्हणत. नवरा लाडात आला की तोफबाई म्हणे. तिला त्याचा राग नव्हता. उलट कुणी खऱ्या नावानं हाक मारली, तर ती मागे वळूनही बघायची नाही.

तिचं मशीन खिडकीपासून तिसरं. एका बाजूनं तारेचं भेंडोळं उलगडत आत जायचं आणि दुसऱ्या बाजूनं टोपीवाले खिळे पेटीत पडायचे. मधे हातोडा, मिनिटाला तीनशे ठोके. अशी चाळीस मशीनं एका छपराखाली. तिथं कानांचा काय उपयोग? म्हणून सगळे ओठ वाचायचे. नवा माणूस सहा महिन्यांत शिकायचा, मठ्ठ असला तर आठ. भांडणं, सोयरिकी, कुणाच्या सुनेनं काय केलं, सगळं या टोकापासून त्या टोकापर्यंत बिनआवाजी पोचायचं. त्यामुळेच तिथं एक रीत पडली होती. खाजगी बोलायचं तर तोंडावर हात धरायचा. हात न धरता बोललात, तर ते सगळ्यांना सांगितलं असं समजायचं, आणि मग बोंबलत बसायचं नाही.

समोरच्या मशीनवर अकरा वर्षं लंबू होता. तोफेचं तोंड नवऱ्यानं पाहिलं नसेल तेवढं लंबूनं पाहिलं होतं. पुढे तो युनियनचा अध्यक्ष झाला, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात गेला, आणि तिथं इतकी शांतता होती की पहिले दोन महिने त्याला म्हणे झोपच यायची.

लंबू अध्यक्ष होण्याआधी संप झाला होता. दहा आठवडे, भर थंडीत, गेटवर. लाउडस्पीकर आणायची गरज पडली नाही, तोफ होती. त्या संपातून निळं कार्ड मिळालं, खर्च मालकाचा. कार्ड दाखवलं की युनियनच्या दवाखान्यात सगळं मोफत. तिथला डॉक्टर दारातूनच विचारायचा, "काय तोफबाई, गुडघा काय म्हणतोय?" तिची दोन्ही बाळंतपणं त्या कार्डावर झाली, नवऱ्याचा दमा त्यावर निभावला, सासूच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू त्यावर निघाले. म्हातारीला दिसायला लागल्यावर तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे सुनेच्या घरातली जळमटं दाखवली. असो.

पण तोफेची धाकटी बहीण त्या कार्डात बसत नव्हती. ती घरी बसून उशांचे अभ्रे शिवायची. तिला ना कारखाना, ना युनियन. तिच्या पित्ताशयात खडे झाले. कळ आली की बिचारी शिलाई मशीनवरच दुमडायची. डॉक्टरनं ओळखीखातर तपासलं आणि म्हणाला, काढायलाच हवेत, पण या कार्डावर नाही. तोफेनं कार्डामागचे नियम तीनतीनदा वाचून घेतले. "सासू चालते आणि बहीण चालत नाही?" ती कारकुनावर अशी कडाडली की त्याच्या हातातला चहा सांडला. कारकून तरी काय करणार? नियम त्यानं केले नव्हते.

अशात सरकारनं नवा कायदा आणायचं ठरवलं. सगळ्यांचा विमा सरकारच उतरवणार, नोकरी असो नसो. युनियनची कार्डं त्यात विरघळून जाणार. जेवणाच्या सुट्टीत रोज वाद. पॅकिंगमधला एक जुना गडी, मिशाळ म्हणत त्याला, तो तर पेटूनच उठायचा. "आपण थंडीत काकडलो आणि आता ते जगाला फुकट? आपला डॉक्टर जाईल, रांगेत उभं राहून मराल!" त्याचं सगळंच खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती.

रविवारी सकाळी युनियनच्या हॉलमध्ये सभा ठरली. ठराव असा: या कायद्याला युनियनचा विरोध आहे. बाकीच्या युनियन यांच्या तोंडाकडे बघत बसलेल्या, म्हणजे इथं जे होईल ते पुढे लांब जाणार.

"हात वर केला तर बहिणीला तोंड दाखवू कशी, आणि नाही केला तर ते दहा आठवडे पाण्यात," तोफ नवऱ्याला म्हणाली.

"मग अर्धा वर कर," नवरा म्हणाला. त्याला त्या दिवशी भाजी वाढली गेली नाही.

सभेला चारशेवर माणसं. लंबू चांगला बोलला. कार्ड म्हणजे आपला घाम, ते सरकारच्या स्वाधीन करायचं नाही, वगैरे. टाळ्या पडल्या. तोफेनंही वाजवल्या, सवयीनं. माइक बंद करून तो खुर्चीत बसला. शेजारच्या खजिनदारानं तोंडावर हात धरून त्याला काहीतरी विचारलं. खजिनदार अजून मशीनवरचाच माणूस. लंबू त्याच्याकडे झुकला आणि अगदी हळू, पण हात न धरता, म्हणाला, "मनातलं विचारशील तर मलाही हवाय रे हा कायदा. माझा मोठा भाऊ कार्डाशिवाय गेला. पण कार्ड नसेल तर ही माणसं युनियनमध्ये कशाला राहतील? सगळी सोडून जातील."

ऑफिसातल्या पंधरा वर्षांनी घात केला. हॉलमधल्या चारशे जणांनी शब्दन् शब्द वाचला.

"लंबू!" तोफ उभी राहिली. "अरे, तोंडावर हात!"

हॉल हशानं फुटला. लंबूनं झटकन हात धरला, तो आणखी हास्यास्पद, आणि कानांपर्यंत लाल झाला. तोफही हसली, पण तिला आतून वाईट वाटत होतं. भावाचं तिला माहीत नव्हतं. अकरा वर्षं समोर होता आणि हे त्यानं कधी ओठांवर आणलं नव्हतं.

"हसू नका रे," ती म्हणाली, आणि हसू थांबलं. "लंबू, मला एक सांग. संपाच्या त्या दहा आठवड्यांत कार्ड कुणाकडे होतं? कुणाकडेच नव्हतं. तरी एक माणूस फुटला? कार्ड होतं म्हणून युनियन झाली नाही बाबा, युनियन होती म्हणून कार्ड मिळालं. आणि दर कराराला मालक काय करतो? कार्ड हवं की पगारवाढ, बोला. दर वेळी आपण कार्ड धरतो आणि गप्प घरी येतो. मरेपर्यंत हेच करायचं का? माझी बहीण तुमच्याच उशांचे अभ्रे शिवते. ती कळ आली की जमिनीवर लोळते, आणि मी कार्ड खिशात घालून बघत बसते. मला लाज वाटते. बस, एवढंच."

"आणि आपला डॉक्टर गेला तर?" मिशाळ ओरडला.

"गेला तर भांडू! भांडायला विसरलोय का आपण?"

लंबू उठला, त्यानं माइक चालू केला आणि मघाशी ओठांनी बोललेलं सगळं आवाजात पुन्हा सांगितलं, भावासकट. सांगताना दोनदा थांबला. विरोधाचा ठराव त्यानं स्वतःच मागे घेतला आणि पाठिंब्याचा मांडला. दोनशे एकतीस हात वर गेले. विरोधात एकशे अठ्ठ्याहत्तर. मिशाळ महिनाभर तोफेशी बोलला नाही, नुसते ओठ हलवायचा, आणि ती वाचून मजेत मान डोलवायची.

कायदा यायला दीड वर्ष लागलं, आला तोही कापूनछाटून. युनियनचा डॉक्टर मोठ्या रुग्णालयात गेला, तिथं दोन बस बदलून जावं लागतं. मिशाळ अजून कुरकुरतो आणि त्याचं बरोबरच आहे. पण युनियन सोडून कुणी गेलं नाही, आणि पुढच्या करारात पगारवाढ झाली.

धाकटीच्या ऑपरेशनला तोफ सोबत गेली. पिशवीत दाखले, पत्रं, फोटो, युनियनचा शिक्का मारलेली चिठ्ठी. बसमध्ये तिनं भांडणाची तयारीही करून ठेवली होती, पहिलं वाक्य कुठलं, आवाज कुठे चढवायचा. खिडकीतल्या मुलीनं धाकटीचं ओळखपत्र घेतलं, स्क्रीनवर पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"दुसरा मजला, डावीकडे."

"आणि कागद?" तोफेनं विचारलं.

"नको."

"कुणाची सही?"

"नको, मावशी. पुढे कोण आहे?"

धाकटी जिन्याकडे निघालीसुद्धा. तोफ मात्र बाकावर बसली आणि सगळ्या रांगेसमोर भोकाड पसरून रडायला लागली. धाकटी धावत परत आली. "ताई, अगं लोक बघतायत! ऑपरेशन माझं आहे ना?"

"एवढंच होतं होय गं?" तोफ हुंदके देत म्हणाली. "एवढ्यासाठी अडीच वर्षं वाकून चाललीस?"