साडेपाच तास मागे चालणारा डबा

दिवसभर संत्र्यांच्या भावामागे लागूनही आज संत्री काय भावाने गेली हे सांगू न शकणारा माणूस साऱ्या नागपुरात एकच, आणि तो आमच्या शेजारी राहतो. काकांची उभी हयात वीजकेंद्रात मीटरचे काटे बघण्यात गेली. निवृत्तीनंतर घरात बघायला काटाच उरला नाही, तेव्हा त्यांनी बाजारभावाच्या वेबसाइटींवरून पानं ओढून आणणारा एक प्रोग्राम बसवला, आणि तो नीट ओढतो की नाही हे मोजणारा दुसरा. हा दुसरा कंटेनरमध्ये चालतो, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतच केलेल्या एका बंद कप्प्यात. काका त्याला डबा म्हणतात. "काका, भाव काय आज?" असं विचारलं की म्हणतात, "भाव सोड गा! साठ पानं आली, दोन अटकली. काहून अटकली?" आणि चहा अर्धा टाकून उठतात, बसतात, पुन्हा उठतात. लग्नाच्या पंगतीतही मोबाइलवर डब्याच्या आलेखाच्या रेघाच बघत असतात. एकदा वाढपी मठ्ठा घेऊन उभा, तर त्यालाच म्हणाले, "थांब, चढून राहिली!"

मागे एकदा डबा बंद करून नव्याने सुरू केला, तर महिनाभराचे आकडे शून्य. "सारं गेलं!" म्हणत काकांच्या घरभर येरझारा. काकू मेथी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "डबा घासाच्या आधी आतलं बाहेर काढून ठेवा लागते न जी!" मी हसलो, पण काका तसेच कॉम्प्युटरकडे वळले, कारण चूक नेमकी तीच होती. आता आकडे डब्याबाहेरच्या फोल्डरात राहतात. श्रेय काकूंना अजून मिळालेलं नाही.

ही सगळी तगमग काटे सुटल्याची, असं मी समजत होतो. त्यांची एकुलती मुलगी लंडनला शिकायला गेली, शिक्षण संपलं, आणि आता परत येणार की तिथेच राहणार हे तिने सांगितलेलं नाही. काका विचारतही नाहीत.

परवा संध्याकाळी साडेपाचला माझ्या लक्षात आलं, डब्याचं घड्याळ बाराच दाखवतंय. असे डबे मुळात इंग्लंडच्या हिवाळ्यातल्या वेळेवर चालतात, एका ओळीत दुरुस्त होतात. मी मोठ्या शहाणपणाने कीबोर्ड पुढे ओढला. काकांनी माझा हात धरला.

"राहू दे गा. पोरगी आता जेवाले उठली असन."

इतक्या दिवसांत प्रथमच ते खुर्चीत स्वस्थ बसलेले दिसले. मला माझीच लाज वाटली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं, "डब्यात किती वाजले जी?"