कर्नल सगळं खातो!

चाय देनाऱ्या मानसासमोर लोक काय पन बोलतात. याला काय कळतंय, असं वाटतं त्यांना. म्हनून तर माझ्याकडे एवढे किस्से साचलेत. आता हा कम्प्युटरचा ऐका, आनि शेवटी भुर्दंड कोनाला पडला ते आधीच ओळखून दाखवा. नाय जमनार, पैज!

नायगावला तेव्हा टावर नव्हते. भुईगावच्या डॉमनिक सरांचं पहिल्या माळ्यावर हापीस, मी शिपाई. काम सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं छापायचं. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक फुलपाड्याचं. त्यांनी सांगून टाकलेलं, "या सोमवारी बिलं नाय आली तर काम दुसऱ्याला." ते काम गेलं का हापिसाला टाळंच.

आनि नेमका मेन कम्प्युटर रोज दुपारी लटकायला लागला.

आमचा इंजिनिअर दळवी बोलला, "मेमरी पुरत नाही."

दुसऱ्या दिवशी मी कम्प्युटरवर बशीत भिजवलेले बदाम ठेवले. दळवीने ते खाल्ले, आनि नवीन मेमरी आनून घातली. दुपारपर्यंत ती पन फस्त!

"पाहुन्यांसारखं आहे रे," सर बोलले. "वाढशील तेवढं कमीच."

*

मग दळवी बोलला, "लीक आहे, सर. आतून मेमरी गळते."

गळते म्हटल्यावर मी खाली बादली ठेवली. रिकामी लवंडते म्हनून अर्धी भरून! सर बाहेरून आले, बादली बघितली, "अरे देवा, पानी!" करून धावत जाऊन मेन स्विचच पाडला. सकाळपासूनची बिलं गेली.

पन परत चालू केल्यावर मशीन काय पळायला लागलं! दळवी घसा फोडून सांगतोय, "बंद केलं की मेमरी मोकळी होते, सर. रोग तसाच आहे!" सर ऐकतात कुठे?

"बादलीला कोनी हात लावायचा नाय!"

मी झाडू मारताना पन तिच्या बाजूबाजूने मारायचो.

*

दुपारी मशीन परत लटकलं. आता दळवी चोर शोधायला बसला. एकेक प्रोग्राम बंद करत गेला. सगळे बंद केले, तरी मेमरी भरलेलीच!

"सर, खाणारा पंगतीतला नाही. वाढपीच खातोय!"

"म्हनजे कोन?"

"कर्नल."

कम्प्युटरच्या आत सगळ्यांना मेमरी वाटून देनारा जो असतो, त्याला कर्नल बोलतात म्हने. मला कुठं ठाऊक? मला एकच कर्नल ठाऊक, आमचा घरमालक. वरच्या माळ्यावर ऱ्हायचा, मिलिटरीतून रिटायर, मिशा अशा का लिंबू ठेवा!

*

शनिवारी कर्नल साहेब जिना उतरत होते. दळवी दाराकडे पाठ करून फोनवर मित्राला ओरडतोय, "अरे, कर्नलच खातो! घेतलेलं सोडतच नाही! जुना झालाय, काढूनच टाकतो!"

साहेब दारातच थांबले. "कधी काढणार?"

दळवीने वळून न बघता सांगितलं, "उद्या. रविवारी कोणी नसतं ना!"

साहेब पांढरे पडले. जिन्यावर मला धरलं. "बाबू, हे काय चाललंय?"

मी बोललो, "मला काय कळतंय, साहेब? पोरगा जाम चिडलाय एवढं खरं."

*

रविवारी सर चर्चमधली मिस्सा आटपून आले, तर हापिसाला कर्नलचं कुलूप! कर्नल जिन्यावर बसलेले. छातीवर मेडल, हातात हॉकी स्टिक.

सर हात जोडून बोलले, "साहेब, तुम्ही नाय हो! आमचा कर्नल डब्यात असतो!"

"मला डब्यात घालणार?"

उद्या सोमवार. सर रडकुंडीला आले. शेवटी दळवीने साहेबांना आत नेऊन खुर्चीवर बसवलं, सीडी घातली, आनि त्यांच्या डोळ्यासमोर जुना कर्नल काढून नवीन टाकला. दुपार गेली, संध्याकाळ झाली, मशीन लटकलं नाय. फुलपाड्याची बिलं धडाधड छापून निघाली!

साहेब उठले. "ठीक आहे. पण माझ्या बिल्डिंगमध्ये त्याला कर्नल म्हणायचं नाही. दुसरं नाव ठेवा."

"काय ठेवू?" सरांनी विचारलं.

साहेबांनी हॉकी स्टिक दळवीकडे केली. "ह्याचंच ठेवा."

*

पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या मशीनला तोच रोग लागला. तेव्हा दळवीचं लग्न ठरत आलेलं. मुलीच्या बापाने चौकशीला हापिसात फोन केला. दळवी सीडी आनायला गेलेला. फोन मी घेतला. मागून सर बोंबलतायत, "दळवी आतून सगळं खातो! घेतलेलं सोडत नाय! उद्याच्या उद्या काढा त्याला!"

बाप दबक्या आवाजात बोलला, "हे... रोजचंच आहे का हो?"

मी बोललो, "नाय हो, साहेब. संध्याकाळी मी बटन दाबतो ना, मग रात्रभर गप पडून ऱ्हातो."

मुलगी सफाळ्याच्या मास्तरला दिली.