वागिमनची रात्रवही

नीउ-व्हेनेप या डच गावात दादाराव रणपिसे यांना दोन ओळखी होत्या. डच लोकांसाठी ते सायकलवरून टपाल वाटणारे गृहस्थ, आणि मराठी मंडळींसाठी प्रमिलाताईंचे मिस्टर. तिसरी ओळख त्यांची त्यांनाच ठाऊक होती. ती कुणी विचारत नाही, याचा त्यांना मनस्वी राग यायचा. राग तसा त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा. टपालपेटीचं झाकण बोटावर आपटलं, भाकरी चिरली, शेजाऱ्यानं कुंपणाबद्दल चिठ्ठी लिहिली, काहीही पुरायचं.

तर ती तिसरी ओळख अशी, की दादाराव बावीस वर्षं कोयनेच्या खोऱ्यात भूकंपमापनाच्या कामावर निरीक्षक होते. ड्रमवर कागद गुंडाळायचा, शाईची सुई त्यावर टेकवायची, चोवीस तासांनी कागद उतरवायचा आणि त्यावरची रेघ वाचायची. ट्रक गेला की रेघ कशी होते, सुरुंग उडाला की कशी आणि पोटातून जमीन हलली की कशी, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. मग प्रमिलाताईंना डच राजधानीतल्या झुइडास भागातल्या एका कंपनीत नोकरी लागली. "तुम्ही येणार, की त्या सुईशी संसार करणार?" असं त्यांनी सरळ विचारलं. दादारावांनी सुई सोडली. त्यालाही आता सात वर्षं झाली. लेक राखी वाखनिंगनला बियाण्यांवर शिकायला गेली, प्रमिलाताई सकाळी सातच्या गाडीला पळायच्या, आणि दादाराव सरोवर उपसून केलेल्या त्या सपाट जमिनीवर पाकिटं वाटायचे. वर ग्रोनिंगनकडे जमीन हलते असं त्यांनी ऐकलं होतं. आपल्या पायाखाली काही म्हणजे काही हलत नाही, याचं त्यांना वाईट वाटायचं. असं दुसऱ्या कुणाला वाटलं नसेल, पण त्यांना वाटायचं खरं.

गेल्या एप्रिलात होफ्डडोर्पच्या हॉलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम होता. तिथे जेवणाच्या रांगेत उत्तरा नावाच्या मुलीशी गाठ पडली. मुलगी नागपूरची, इकडे ज्वालामुखींवर संशोधन करणारी. बोलता बोलता दादारावांनी ड्रमचं नाव काढलं आणि तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

"काका, तुम्हाला कागदावरच्या रेघा वाचता येतात? म्हणजे खरंच?"

"येतात म्हणजे? अगं, बावीस वर्षं दुसरं केलं काय?"

काम असं होतं. जावा बेटावर एक जागता डोंगर आहे. त्याच्या उतारावर एक छोटी चौकी, आणि चौकीत वागिमन नावाचा पन्नाशीचा निरीक्षक. डोंगराच्या पोटातली हालचाल टिपायला चौकीत अजून जुना कागदाचा ड्रम होता. शिवाय वागिमन रात्रभर जागून, डोंगराच्या तोंडावरचा लाल उजेड नुसत्या डोळ्यांनी बघून वहीत लिहायचा. उजेड नसेल तर शून्य, जेमतेम असेल तर एक, ढगाखालून स्पष्ट दिसला तर दोन, आणि दगड उडताना दिसले तर तीन. पुढे वेळ. आता तिथे कॅमेरा लावायचं घाटत होतं, त्याची चाचणीही चालू होती. कॅमेरा आला की रात्री माणूस कशाला हवा, असा प्रश्न काही जणांनी काढला होता. वही आणि रेघ जुळते का, हे दादारावांनी बघायचं. जुळली तर वागिमनची रात्रपाळी राहणार, नाही जुळली तर जानेवारीपासून बंद.

दादारावांनी काम असं घेतलं, की बस्स. टपाल उरकून दीड वाजता घरी यायचं, हात धुवायचे, आणि लॅपटॉपवर कागदांचे फोटो उघडायचे. तिकडे त्या वेळी संध्याकाळ उलटून गेलेली असायची. वागिमन तिकडे जागरणाला बसायचा आणि हे इकडे दुपारच्या चहाला. डोंगराचं नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्याला म्हातारबा म्हणायला सुरुवात केली. "म्हातारबा आज कुरकुरतोय," असं ते प्रमिलाताईंना सांगायचे. त्यांना नवऱ्याचा आवाज किती तरी दिवसांनी असा ऐकू आला होता, म्हणून कांदे चिरता चिरता त्या "हो का?" म्हणायच्या.

ड्रमवरची वेळ ग्रीनिचची आणि वहीतली जावाची. तेव्हा वहीतली प्रत्येक वेळ ग्रीनिचमध्ये बदलून घ्यायला हवी होती. उत्तरानं सांगितलं, "काका, मी शीटमध्ये सूत्र घालून देते, आपोआप होईल."

"नको," दादाराव म्हणाले. "मशीन चुकलं तर कळत नाही. मी हातानं करीन. वजाबाकी मला कुणी शिकवायला नको."

त्यांनी रेघांची वही आणली, पेन्सिलीला टोक केलं आणि त्रेसष्ट रात्री हातानं उतरवल्या. पहिल्या दोन-तीन रात्री कागदावर लिहून, ताडून. पुढे हात आपोआप चालायला लागला.

आणि जुळेना. एकही रात्र जुळेना. सुई थरथरायला लागायची आणि वागिमनचा उजेड मागाहून यायचा. पहिल्या आठवड्यात दादारावांनी सांभाळून घेतलं, दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या कपाळावर आठी आली, आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"हा माणूस रात्री झोपतो," ते प्रमिलाताईंना म्हणाले. "झोपतो, मग उठून सुई बघतो, आणि सुई हलली आहे असं दिसलं की वहीत ठोकून देतो, दोन म्हणून. अगं, आम्ही थंडीत कुडकुडत कागद बदलले. एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही. आणि हा?"

"तुम्ही त्याला पाहिलंय का?" प्रमिलाताईंनी विचारलं.

"पाहायचं काय त्यात? हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

त्याच संध्याकाळी त्यांनी उत्तराला फोन केला. उत्तरा जरा अवघडली, पण कागद समोर होते. तिनं आपल्या अहवालाच्या मसुद्यात एक वाक्य घातलं: रात्रीच्या उजेडाच्या नोंदी सुईकडे पाहून मागाहून लिहिल्या असाव्यात. मसुदा तिकडे जावालाही गेला. शुक्रवारी सकाळी दहाला दोन्हीकडच्या लोकांची बैठक ठरली. दादारावांनाही बोलावलं. सात वर्षांत या देशात पहिल्यांदाच कुणी त्यांचं मत मागत होतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

बुधवारी दुपारी त्यांना वाटलं, नुसतं तोंडानं बोलण्यापेक्षा एक तक्ता करावा. कोणत्या रात्री वागिमन किती मिनिटं उशिरा, असा सरळ तक्ता. कुणी तोंड उघडायला नको. ते लिहायला बसले. पहिली रात्र, नव्वद मिनिटं. दुसरी, अठ्ठ्याऐंशी. तिसरी, एक्याण्णव. चौथी, नव्वद. पाचवी, एकोणनव्वद.

दहा रात्री झाल्या तेव्हा ते खूश होते. वीस झाल्या तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. तीस झाल्या आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

झोपाळू माणूस कसा असतो, हे दादारावांना माहीत होतं. तो आज वीस मिनिटं चुकतो, उद्या दोन तास, परवा विसरूनच जातो. रोज नेमका दीड तास कोणी झोपत नाही. झोपेला घड्याळ नसतं.

मग दीड तास आला कुठून? त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं. वागिमनचे नऊ वाजून दहा, रात्रीचे, उजेड दोन. खाली त्यांच्याच अक्षरात ग्रीनिचची वेळ, तीन वाजून चाळीस. त्यांनी बोटांवर मोजलं. जावा ग्रीनिचच्या सात तास पुढे. नऊ-दहातून सात गेले की उरतात दोन-दहा. मग हे तीन-चाळीस कोणी लिहिलं? साडेपाच वजा करून कोणी लिहिलं?

त्यांची कानशिलं तापली. बावीस वर्षं. रोज, दिवसातून दहा वेळा, कोयनेच्या लोकांनी सांगितलेली वेळ घ्यायची आणि साडेपाच तास वजा करायचे. हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. सुरुवातीला डोक्यानं सात वजा केले होते, आणि डोकं जरा सैल पडलं तसा हातानं आपला जुना धंदा सुरू केला होता. मग मागे फिरून ताडलेल्या पहिल्या पानांवरही, नवी वेळ खरी समजून, त्यांनीच रबरानं खोडून दुरुस्ती केली होती. खोडल्याच्या खुणा तिथे स्वच्छ दिसत होत्या.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि इथे तर चोरच न्यायाधीश होऊन बसला होता.

प्रमिलाताई घरी आल्या तेव्हा दिवा न लावता ते बसलेले. त्यांनी सगळं सांगितलं. प्रमिलाताई हसतील अशी त्यांना भीती होती, त्या हसल्या नाहीत.

"उत्तराला मेल टाका," त्या म्हणाल्या. "आकडे चुकले होते, दुरुस्त केले, असं लिहा. कुणाला कळायचंही नाही कसे चुकले ते."

"आकडे चुकले असं कसं लिहू? मी त्याला झोपाळू म्हणालो. आकड्यांनी नाही म्हटलं, मी म्हटलं."

"मग बोला तोंडानं. लाज वाटेल तेवढी वाटू दे."

लाज वाटत होतीच. एवढ्या वर्षांनी कुणी तरी विचारलं होतं, आणि आता परवा सगळे म्हणणार, टपालवाल्याला कशाला दिलं हे काम. तरीही त्यांनी उत्तराला फोन लावला. ती म्हणाली, "काका, बरं झालं आज सांगितलंत. शुक्रवारी तुम्हीच सांगाल का? मी सांगितलं तर ते नुसतं दुरुस्तीपत्रक होईल."

बुधवारची उरलेली संध्याकाळ आणि अख्खा गुरुवार दादारावांनी त्रेसष्टच्या त्रेसष्ट रात्री पुन्हा मांडल्या. गुरुवारी टपालाची सुट्टी काढली. या वेळी त्यांनी उत्तराचं सूत्रही वापरलं आणि हातानंही केलं, आणि दोन्ही ताडून पाहिलं. आता वही आणि रेघ हातात हात घालून चालत होत्या. एवढंच नव्हे, तर अकरा रात्री वागिमनचा डोळा सुईच्या दोन-चार मिनिटं पुढेच होता. सुई जागी व्हायच्या आधी त्यानं उजेड पाहून लिहिला होता. सुई पाहून लिहिणारा माणूस सुईच्या आधी कसा लिहील?

शुक्रवारी उत्तराच्या ऑफिसात पडद्यावर सहा चौकोन होते. एका चौकोनात कानटोपी घातलेला, गालफडं बसलेला वागिमन होता. तिकडे दुपारचे चार वाजले होते. त्याच्या शेजारी एक तरुण बाई दुभाषी म्हणून बसली होती. दादाराव उभे राहिले. बसून बोललं तरी चाललं असतं, पण ते उभे राहिले. इंग्रजी त्यांना तोडकंमोडकं यायचं, त्याची त्यांनी आज पर्वा केली नाही.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी भारताची वेळ वजा केली, जावाची नाही. वागिमनसाहेबांची वही बरोबर आहे. सगळी बरोबर आहे. मी त्यांना झोपतात म्हणालो. मी माफी मागतो."

मग त्यांनी अकरा रात्रींचा तक्ता दाखवला. पडद्यावरचे लोक पुढे झुकले. एका डच बाईंनी त्या रात्री कॅमेऱ्याच्या चाचणीत काय दिसलं होतं, ते विचारलं. उत्तरानं सांगितलं, अकरापैकी सात रात्री काचेवर राख बसली होती, काहीच दिसलं नव्हतं. अर्धा तास बोलणं चाललं. शेवटी ठरलं, की कॅमेरा लावायचा, पण माणसाच्या शेजारी. रात्रपाळी चालू राहणार. वागिमनच्या हाताखाली आणखी एकाला तयार करायचं, हेही ठरलं.

सगळं संपल्यावर वागिमन काही तरी बोलला. दुभाषी बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं आणि उत्तरानं दादारावांसाठी मराठीत.

"ते म्हणतात, मसुदा त्यांनी वाचला होता. आठ दिवस रोज रात्री ते चौकीतलं घड्याळ रेडिओशी लावून बघत होते. त्यांना वाटलं, आपलं घड्याळच मागे पडत असणार. तिकडे एवढ्या लांब बसून कागद वाचणारा माणूस उगाच कसं म्हणेल?"

ज्याला आपण चोर ठरवलं, तो आठ रात्री आपल्यावर नाही, स्वतःवर संशय घेत होता. दादारावांनी पडद्यासमोर नुसते हात जोडले. वागिमननंही जोडले.

दादाराव घरी पोचून शर्ट बदलत होते तेवढ्यात फोन वाजला. साडेबारा झाले होते. उत्तरानं वागिमनला नंबर दिला होता, आणि तो थेट चौकीतून व्हिडिओ लावून बोलत होता. भाषा एकमेकांची कुणालाच येत नव्हती. त्यानं नुसता फोन वळवला. काळोख, मग काळोखाहून काळा डोंगर, आणि त्याच्या टोकाशी लालसर असं काही तरी, राखेत निखारा विझत आल्यासारखं.

दादारावांनी बावीस वर्षं जमिनीचं पोट नुसतं रेघेत वाचलं होतं. त्रेसष्ट रात्रींचा या डोंगराचा उजेड आकड्यांत पाहिला होता. खरा उजेड त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला. ते खिडकीशी उभे होते, बाहेर लख्ख दुपार होती, त्यांनी पडदा ओढून घेतला आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

वागिमननं प्रश्नार्थक चेहरा करून बोटं हलवली. किती?

दादारावांनी नीट पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग एक बोट वर केलं.

वागिमननं नकारार्थी मान हलवली. त्यानं फोनकडे बोट दाखवलं, मग आपल्या डोळ्यांकडे, आणि दोन बोटं वर केली.

दादारावांनी रेघांची वही उघडली, नव्या पानावर त्या रात्रीची तारीख टाकली आणि पुढे दोन लिहिले.