तेलातलं कुंकू

माझी मुलगी अंतराळात जाणार नव्हती. हे आधीच सांगतो, कारण आमच्या दिघीतल्या सोसायटीत तशीच बातमी पसरली होती आणि लिफ्टमध्ये लोक मला पेढे मागायचे. ती बसणार होती चाकणच्या पुढे, एका भल्यामोठ्या शेडमध्ये, जमिनीवरच ठेवलेल्या बंद केबिनमध्ये. केबिन एका खासगी कंपनीची, ती तिथेच इंजिनिअर आहे. माणसाला वर न्यायचं तर आधी खाली बसवून बघावं लागतं, आत श्वास नीट चालतो की नाही ते. तिच्या कंपनीतल्या इंजिनिअरांनी स्वतःच बसायचं ठरवलं आणि माझ्या पोरीनं सगळ्यांत आधी हात वर केला. त्या केबिनमध्ये ऑक्सिजन सोडणारा व्हॉल्व्ह भोसरीत तयार झाला होता, मी नोकरी करतो त्याच वर्कशॉपमध्ये. तो कसा तयार झाला हे मला माहीत होतं. माझी झोप उडायला तेवढं पुरेसं होतं.

मी क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढणं हा माझा धंदा, आणि बायकोच्या मते स्वभावही. बीडहून आलो तेव्हा आमच्या गाळ्यात मोटारसायकलचे भाग व्हायचे. शेठ मूळचे भोसरीचेच, त्यांच्या वडिलांनी जिथे ज्वारी केली तिथे आज मशिनी उभ्या आहेत. मग हळूहळू अवकाशाचं काम आलं. आधी सरकारी कार्यक्रमाचं आणि नंतर या खासगी कंपनीचं. दोघांनाही माणूस वर पाठवायचा होता, दोघांनाही ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह हवा होता, आणि दोन्हींची ड्रॉइंगं चुलत भावंडांसारखी दिसायची.

सरकारी बाजूनं एक पिकलेल्या केसांचे साहेब तपासणीला यायचे. खिशात पांढरं फडकं. प्रत्येक भाग त्या फडक्यानं पुसायचा, फडकं खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायचं, आणि काही दिसलं नाही तर पुन्हा पुसायचं. मंजुरीसाठी मंजुरी, तिच्यासाठी आणखी एक बैठक. आम्ही त्यांना मागून सासूबाई म्हणायचो. खासगी कंपनीचा मुलगा टी-शर्टवर यायचा, मला काका म्हणायचा, पोरांबरोबर टपरीवर चहा प्यायचा आणि सगळे निर्णय फोनवर उभ्या उभ्या घ्यायचा. मी मनातून त्याच्याच बाजूचा होतो. सरकारी कामाला शिव्या घालत घालत माझं अर्धं आयुष्य गेलं आहे, आणि त्यातल्या बऱ्याच शिव्या आजही परत घ्यायला मी तयार नाही.

ऑक्सिजनबद्दल मात्र मला कोणत्याच साहेबानं शिकवायची गरज नव्हती. भोसरीत गॅस कटिंग करणारा कोणीही सांगेल, की ऑक्सिजनच्या सिलिंडरला तेलकट हात लावायचा नसतो. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की काडी ओढावी लागत नाही. आमच्या शेजारच्या गाळ्यात एका वेल्डरनं ग्रीस लागलेल्या हातानं सिलिंडर उघडला होता. त्याचा तो हात मी पाहिला आहे. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

म्हणून या व्हॉल्व्हसाठी शेठनी काचेची वेगळी खोली बांधली. टोपी, हातमोजे, पायाला पिशव्या. आत फक्त धुतलेले, सुकवलेले, पाकीटबंद भाग. शेठना त्या खोलीचा अभिमान होता, पाहुणे आले की बाहेरूनच दाखवायचे.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी मशिनी धुतात, झेंडूचे हार घालतात, नारळ फोडतात आणि प्रत्येक मशिनीला कुंकू लावतात. लोखंडावर कोरडं कुंकू टिकत नाही, झडून जातं, म्हणून ते थेंबभर तेलात कालवायचं. वर्षानुवर्षं असंच चालत आलं आहे. पूजा झाली, प्रसाद वाटला, पोरं लवकर घरी गेली. मीही गेलो.

सुट्टीनंतर काचेच्या खोलीत गेलो तर दोन्ही ट्रे उघडे. एक सरकारी, एक खासगी. पाकिटं नीट कापलेली आणि दोन्हींत वरच्या व्हॉल्व्हवर लाल बोट. शेठना हाक मारली तर ते हसतच आले.

"मीच लावलं," ते म्हणाले. "टोपी घातली हुती, पायात पिशव्या हुत्या. हातमोजे तेवढे न्हाई घातले. देवाचं काम हातमोज्यानं कसं करायचं?"

"शेठ, तेल आहे त्यात."

"आरं, कुंकू हाय ते! यात जित्ता माणूस बसणार हाय राव. मोटारसायकलच्या पार्टाला आपन कुंकू लावतो, आन् ह्यालाच न्हाई लावायचं व्हय?"

मला राग आला होता आणि त्याच वेळी त्यांच्यावर ओरडताही येईना. सिलिंडरला तेलकट हात लावणाऱ्या पोराला याच माणसानं कानाखाली वाजवली असती. पण कुंकू ही घाण असू शकते, हे त्यांच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. त्यांनी काळजीपोटी केलं होतं. काचेच्या खोलीतून बाहेर येताना त्यांनी सवयीनं हात जोडले.

मी दोन्हीकडे कळवलं. सरकारी साहेब आले. एकाच व्हॉल्व्हवर डाग होता, त्यांनी सगळा ट्रे बाद केला. मी म्हणालो, बाकीच्यांवर काहीच दिसत नाही. ते म्हणाले, जिथं दिसत नाही तिथं नाही, असं मी लिहून देणार नाही. प्रत्येक व्हॉल्व्ह त्यांनी आपल्यासमोर मधोमध कापायला लावला, खोलीची मंजुरी रद्द केली आणि परत कधी येणार ते न सांगता गेले. शेठ त्या दिवशी जेवले नाहीत. गाळ्यात सगळे सासूबाईंच्या नावानं बोटं मोडत होते. मीही मोडली.

खासगी कंपनीच्या मुलानं फोनवर सगळं ऐकून घेतलं. "काका, टेन्शन नका घेऊ. पुन्हा धुवा, निळ्या दिव्याखाली बघा, फोटो टाका." निळ्या दिव्याखाली तेल चकाकतं. आम्ही व्हॉल्व्ह धुतले, पुन्हा धुतले. दिव्याखाली काही चकाकलं नाही. पण व्हॉल्व्हच्या आत एक वळण आहे, तिथं दिवा पोचत नाही. मी ते सांगितलं.

"दिसतंय तेवढं निघालं ना काका?"

"दिसतंय तेवढं निघालं," मी म्हणालो. "वळणात काय आहे ते मला दिसत नाही. मी पास करणार नाही."

"ठीक आहे, मग आमच्या जबाबदारीवर घेतो. आम्ही इथं टेस्ट करूनच बघू."

दुपारी त्यांची गाडी आली आणि ट्रे गेला. एक व्हॉल्व्ह रिकाम्या केबिनला बसवला. उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. काहीच झालं नाही. मुलाचा आनंदाचा फोन आला, शेठनी पोरांना जिलेबी वाटली. "बघितलं का भाऊ? कुंकवानंच राखलं," ते मला म्हणाले. मी जिलेबी खाल्ली. काही झालं नाही ना, मग ठीकच आहे, असं सगळे म्हणत होते, आणि तेच वाक्य मला दिवसभर टोचत राहिलं. तोच व्हॉल्व्ह, टेस्टमध्ये पास झालेला म्हणून, माणसांच्या टेस्टसाठी तसाच ठेवला गेला.

मुलीनं हात वर केला तो त्यानंतर. रविवारी दुपारी जेवताना तिनं सांगितलं. तिच्या आईनं आधी टाळ्या वाजवल्या आणि मग काय असतं ते विचारलं. मी ताट सरकवलं आणि मुलीला वळणाचं सांगितलं.

"मला माहीत आहे, पप्पा. तुमचं म्हणणं मी वर कळवलं होतं. ते म्हणाले, टेस्ट झाली आहे."

"सरकारी साहेबांनी सगळे कापले."

"आणि त्यांचा माणूस अजून खुर्चीतसुद्धा बसलेला नाही. तो सुरक्षितच असणार की! तुम्हीच सांगायचात ना, ती माणसं एका सहीसाठी महिनोन् महिने बसतात? आम्ही चुका लवकर करतो, म्हणून लवकर शिकतो."

"चूक होते तेव्हा आत कोण असतं?"

तिनं माझं ताट परत माझ्यापुढे सरकवलं. ताथवड्याच्या कॉलेजात असल्यापासून ती माझ्याशी वाद घालत आली आहे. त्या दिवशी मात्र हळूच म्हणाली, "मी नाही बसले तर दुसरं कोणीतरी बसेल. त्याच्याही घरी पप्पा असतील."

मी कंपनीच्या त्या टी-शर्टवाल्या मुलाला पुन्हा फोन केला. तो अजिबात चिडला नाही. "काका, तुमची मुलगी आहे म्हणून तुम्हाला असं वाटतंय," म्हणाला. ते खरं होतं. तिच्या जागी दुसऱ्या कोणाची असती, तर मी एकदा सांगून गप्प बसलो असतो. पण त्यानं वळण स्वच्छ होणार नव्हतं.

टेस्टच्या दिवशी सकाळी सोसायटीच्या गेटवर तिला न्यायला कंपनीची गाडी आली. बायकोनं दारातच औक्षणाचं ताट तयार ठेवलं होतं. मुलगी कंपनीचा निळा ड्रेस घालून उभी राहिली, लहानपणी शाळेच्या पहिल्या दिवशी उभी राहायची तशी. बायकोनं ओवाळलं, निरांजनाच्या बाजूला ठेवलेल्या वाटीत बोट बुडवलं, मग कुंकवात, आणि कपाळावर ठसठशीत टिळा लावला.

"वाटीत काय आहे?" मी विचारलं.

"तेल हाय, दुसरं काय? दिवसभर टिकाया नको का?"

पुढचं मी ठरवून केलं नाही. कामाचं पांढरं फडकं माझ्या खिशात होतं, साहेबांचं बघून मीही ठेवायला लागलो होतो. ते काढलं आणि मुलीच्या कपाळावरचं कुंकू पुसलं.

बायको किंचाळली. "काय करायलात तुम्ही हे? पोरीच्या कपाळाचं कुंकू पुसायलात? बापच का तुम्ही?" तिच्या हातातलं ताट कलंडलं, निरांजन विझलं. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि लगेच बंद झालं. मी कोणाकडे बघितलं नाही. फडक्याची दुसरी बाजू घेतली आणि पुन्हा पुसलं. मुलगी हलली नाही. डोळे मिटून, मान वर करून उभी राहिली. खालून गाडीचा हॉर्न वाजला.

फडकं लाल झालं होतं. कपाळावर लाल काही उरलं नव्हतं. पण जिन्याच्या खिडकीतून ऊन तिच्या तोंडावर येत होतं, आणि भुवईच्या वर, केसांच्या मुळाशी, जिथं माझं बोट नीट पोचत नव्हतं, तिथं कातडी अजून चकाकत होती.

"निघालं का, पप्पा?"

पुन्हा हॉर्न वाजला. बायको भिंतीकडे तोंड करून रडत होती.

"निघालं," मी म्हणालो, आणि ती जिना उतरून गेली.