सीवाली किडनी

हप्त्यातून तीन दिवस मी डायलिसिसच्या पलंगावर चार-चार तास पडून असायचे. सहावीच्या पोरांचे पेपर तिथंच तपासायचे, उजवा हात मोकळा असायचा. शेजारच्या पलंगावर जुन्या जालन्यातल्या एक ताई यायच्या. बोलायला लागल्या की मशीन थकायचं, ताई न्हाई. मग एकदा त्यांच्या रक्तात हिपॅटायटिस सी निघाला. लिव्हरला धरणारी, रक्तातून लागणारी कावीळ. कुठून लागली, देव जाणे. त्यांना मागच्या खोलीत वेगळं मशीन दिलं, पुढं गोळ्याही सुरू केल्या. नुसतं जवळ बसून ती लागत न्हाई, हे मला ठाऊक होतं. तरी मी दारातूनच "कसं काय ताई?" विचारायचे. शिकलेली बाई ना मी.

किडनी बदलायला नंबर लावून तीन वर्षं झाली, तेव्हा संभाजीनगरच्या हॉस्पिटलातून फोन आला. एक किडनी आहे, तुम्हाला जुळते. पण ज्या गेलेल्या माणसाची ती आहे, त्याला हिपॅटायटिस सी होता. किडनीसोबत तो तुम्हालाही येईल, मात्र तीन महिने गोळ्या घेतल्या की बहुतेकांचा जातो. एका तासात सांगा, न्हाईतर पुढच्या पेशंटला विचारतो.

घरात बैठक बसली, सोयरीक असल्यासारखी. थोरल्या दिरांनी विचारलं, "माणूस कोण? कुठल्या गावचा?" तसं सांगत नसतात म्हटलं, तर त्यांना बिलकुल पटलं न्हाई. जाऊबाई म्हणाल्या, "सीवाली कशाला घेता? जरा थांबा, चांगली येईल." जणू मंडईत वांगी निवडायची होती. नवरा बियाण्याच्या कंपनीत. त्यानं डॉक्टरला फोन लावून विचारलं, "गॅरंटी किती?" डॉक्टर म्हणाले, थांबण्याची तरी कुठं गॅरंटी आहे? आमच्या सेंटरवरची दोन माणसं थांबता थांबताच गेल्ती, पण ते घरात कुणी काढलं न्हाई. मला भीती वाटत होती. मरायची, आणि मागच्या खोलीचीही. दोन्हींत जास्त कशाची, ते सांगायची आजही लाज वाटते.

वीस मिनिटं उरली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन ताईंना फोन लावला.

"ताई, तुमच्या त्या सीच्या गोळ्या... गुण आला का?"

"आला म्हंजी? गेला की तो सी! रिपोर्ट बराबर आला. का बरं?"

मी सगळं सांगितलं. त्या खेकसल्याच. "मंग मला काय विचारून राह्यल्या? येड लागलं का बाई? जल्दी हो म्हणा आधी!"

मी हो म्हणाले.

दोन महिन्यांनी मास्क लावून जुनी फाईल आणायला सेंटरवर गेले. किडनी चालू होती, गोळ्याही चालू होत्या. ताई मागच्या खोलीतच होत्या, त्याच वेगळ्या मशीनवर. या वेळी मी आत गेले, स्टूल ओढून बसले.

"ताई, तुमचा रिपोर्ट तर चांगला आला न? मंग अजून इथं कशा?"

"कुठला आला? गोळ्या संपल्यावर तीन महिने थांबून तपासतेत. परवा रक्त दिलं. आता येईल."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे खोटं बोललात? माझ्या जिवाशी खेळ?"

त्यांनी सुई टोचलेला हात जरा सरळ केला.

"वरडू नका, बीपी वाढंल. माझ्या रिपोर्टला लई टाइम होता बाई. तुमच्यापाशी वीस मिनिटं होती."