शिंगांचा रंग मोटारीला

बैलजोडी विकून नानांनी, म्हणजे माझ्या मोठ्या काकांनी, एक जुनी मोटार घेतली. बॉनेट उघडलं की आत नुसता गंज. पोळ्याच्या आदल्या दिवशी चोपडा गावातल्या आमच्या घरी ते अंगणात पॉलिश पेपर घेऊन बसले, गंज घासून काढला आणि एअर फिल्टरचं झाकण, बॅटरीचा ट्रे, हाताला लागेल ते शिंगांच्या उरलेल्या रंगानं रंगवून टाकलं. अर्धं लाल, अर्धं हिरवं. इंजिन आहे की जत्रा, तेच कळेना.

सकाळी ते मला जळगावला कॉलेजात सोडणार होते. बाहेर येऊन बघतो तर उघड्या बॉनेटसमोर काकू आरतीचं ताट घेऊन उभ्या. रेडिएटरला कुंकू, बॅटरीवर पुरणपोळी.

"नाना, हे काय चाललंय? चला, उशीर होतोय!" मी ओरडलो.

नानांनी किल्ली खिशात टाकली. "आज पोया शे. आज कोनी जुपस का?"

माझं डोकंच फिरलं. जुंपायला ती काय बैल आहे? पिशवी उचलून मी तरातरा एसटी स्टँडकडे निघालो. कोपऱ्यावरून वळून पाहिलं, तर नाना पोळीचा तुकडा मोडून मोटारीच्या जाळीपुढे धरून उभे होते आणि दुसऱ्या हातानं दोन दिव्यांच्या मधोमध हळूहळू खाजवत होते.